नोंदवहीत नाव कोण लिहितं?



मागच्या दोन व्याख्यानांत आपण कायदा आणि नीती यांच्या नात्याविषयी बोललो. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं की, चर्चा फार उंचावरून चालली आहे. एखादा कायदा हातात घेऊन बोला. सूचना रास्त आहे. म्हणून आज आपण एकच धागा पकडणार आहोत. तृतीयपंथी माणसांविषयी आपल्या देशात गेल्या दीडशे वर्षांत कोणकोणते कायदे झाले आणि ज्यांना ते जाचक वाटले त्यांनी त्यांना विरोध कसा केला, हा तो धागा. विरोध करायला हवा एवढं सांगून थांबायचं नाही. कोणता विरोध चालला, कोणता निम्मा चालला, हे इतिहासातून पाहायचं आहे.

सुरुवातीला एक कबुली. आम्ही सुमारे तीन तपं तत्त्वज्ञान शिकवलं. नव्वदच्या आसपास आमच्या वर्गात एक विद्यार्थी होता. 'होता' म्हणतो, कारण हजेरीपटावर तसं होतं. हा विद्यार्थी स्वतःबद्दल बोलताना नेहमी 'आम्ही' म्हणायचा. 'आम्ही वाचून आलो', 'आम्हाला पटलं नाही'. आम्ही एकदा भर वर्गात विचारलं, "अहो, किती जण आहात तुम्ही?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. आपली मराठी भाषा अशी आहे की 'मी गेलो' की 'मी गेले' हे ठरवल्याशिवाय एकवचनात धड एक वाक्य पुरं होत नाही. 'आम्ही गेलो' म्हटलं की तो प्रश्नच उरत नाही. हे व्याकरण आम्हाला ठाऊक होतं, पण वर्गात बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग होता, हे सुचलं नाही. पुढे परीक्षेच्या अर्जावरच्या नावावरून काही अडलं. कार्यालयाने डॉक्टरचा दाखला मागितला. विद्यार्थी आमच्याकडे आला तेव्हा आम्ही म्हणालो, "आणून टाका ना एकदाचा." पुढच्या सत्रात ते नाव हजेरीपटावर नव्हतं.

एक वही, एक दाखला आणि 'आणून टाका ना' म्हणणारा एक सुशिक्षित माणूस. आज जो इतिहास सांगायचा आहे, त्यात हेच तिघे पुन्हा पुन्हा भेटतात.

आता मागे जाऊ. आपल्याकडे मराठा राजवटीत काही हिजड्यांना इनाम जमिनी होत्या, रोख नेमणुका होत्या आणि ठराविक गावांतून मागण्याचा हक्क होता. 'हक्क' हा शब्द इथे आजच्या अर्थाने घेऊ नका. वतनी व्यवस्थेतला, सरकारदरबारी मान्य असलेला हक्क, असा त्याचा अर्थ. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने मुंबई इलाख्याच्या दप्तरांवरून यावर १९८७ साली एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्या काळी सगळं गोजिरं होतं असं म्हणण्याचा आमचा हेतू नाही. जातिव्यवस्थेच्या त्या जगात प्रत्येकाला एक जागा नेमून दिलेली होती आणि ती जागा सुखाची असेच असं नाही. पण जागा होती. कंपनी सरकार आलं, इनामांची छाननी सुरू झाली, आणि अशा माणसांच्या मागण्याच्या हक्काला सरकारने पाठबळ का द्यावं, त्यांच्या जमिनी चेल्याकडे का जाऊ द्याव्यात, असे प्रश्न साहेबलोकांना पडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई सरकारने आपलं पाठबळ काढून घेतलं. शिक्षा नाही, तुरुंग नाही. नुसती मान्यता काढून घेतली. एवढ्याने माणूस हक्कदाराचा भिकारी होतो. हा पहिला टप्पा.

दुसरा टप्पा उत्तरेत, वायव्य प्रांतात. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. या कायद्याचे दोन भाग होते. पहिला भाग आपल्याला माहीत आहे. पारधी, कैकाडी, भामटे अशा समाजांना महाराष्ट्रात पुढे त्याच परंपरेतल्या कायद्यांनी काय भोगायला लावलं, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत कशी होती, हे आपण ऐकलेलं आहे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागाचा विषय होता 'युनक'. कायद्याने हिजड्यांना याच इंग्रजी शब्दात बसवलं.

त्या दुसऱ्या भागात काय होतं ते नीट ऐका. एक: सरकारने 'युनक' लोकांची एक नोंदवही ठेवावी, मुलं पळवणं, त्यांना खच्ची करणं किंवा दंडसंहितेच्या कलम ३७७ खालचे गुन्हे यांचा ज्यांच्यावर 'वाजवी संशय' असेल, त्यांची नावं आणि राहण्याची ठिकाणं तिच्यात लिहावीत. दोन: नोंद झालेला माणूस रस्त्यावर किंवा रस्त्यावरून दिसेल अशा जागी बाईच्या कपड्यांत वा दागिन्यांत आढळला, किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचला, वाजवू लागला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तीन: सोळा वर्षांखालचा मुलगा त्याच्या घरात किंवा ताब्यात असला तरी तशीच शिक्षा. चार: त्याला कुणाचं पालक होता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही.

हे चौथं कलम पटकन लक्षात येत नाही, पण घाव तिथे आहे. हिजडा समाजात घर चालतं ते गुरू आणि चेल्याच्या नात्याने. रक्ताचं नातं बहुतेक वेळा तुटलेलंच असतं. गुरूचं जे काही असेल ते चेल्याकडे जातं. मृत्युपत्र नाही, दान नाही, दत्तक नाही म्हटल्यावर हे घराणं पुढे चालणार कसं? जेसिका हिंची या इतिहासकार बाईंनी या कायद्याच्या अंमलबजावणीचा कागदोपत्री मागोवा घेतला आहे. हा समाज हळूहळू संपून जावा, असाच त्यामागचा हेतू होता, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तर्कशास्त्राकडे, थोडं येऊ. आपल्या न्यायशास्त्रात व्याख्येला 'लक्षण' म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगतात: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. जुनं उदाहरण गाईचं. 'जी कपिला तीच गाय' म्हटलं तर काळ्या-पांढऱ्या गाई सुटल्या, ही अव्याप्ती. 'जिला शिंगं ती गाय' म्हटलं तर म्हैसही आली, ही अतिव्याप्ती. 'जिला एकच खूर ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडायची नाही, हा असंभव. १८७१ च्या कायद्याने व्याख्या केली ती अशी: जो पुरुष स्वतः कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत स्पष्ट दिसतो की तो नपुंसक आहे, तो 'युनक'. बघा, संसारी माणसाला शारीरिक दोष असेल तर तोही यात आला. आणि जी व्यक्ती मनाने, रीतीने, घराण्याने हिजडा आहे पण डॉक्टरच्या तपासणीत बसत नाही, ती सुटली. अव्याप्तीही आहे आणि अतिव्याप्तीही. पण पोलिसाला अशा व्याख्येची अडचण होत नाही, उलट सोय होते. व्याख्या जितकी ढिली, तितकं कुणाचं नाव वहीत घालायचं हे ठरवणं त्याच्या मर्जीवर.

त्या काळात विरोध झाला का? झाला. पण तो मोर्चाचा नव्हता. लोकांनी सरकारकडे अर्ज केले. जिल्ह्याच्या, संस्थानांच्या हद्दी ओलांडल्या. पोलिसांची नजर चुकवून नाचगाणं चालू ठेवलं. टिकून राहणं हाच विरोध होता, आणि तो फसला असं म्हणता येत नाही, कारण समाज संपला नाही. १९११ साली गुन्हेगार जमातींचा नवा कायदा झाला तेव्हा त्यात हा दुसरा भाग उरला नव्हता.

इथे आपल्याला वाटेल, चला, सुटलं. पण कायद्याच्या भाषेचं असं असतं की ती एका ठिकाणी पुसली तरी दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेतलेली असते. १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ साली, निजामाच्या हैदराबाद राज्याने आपला स्वतंत्र कायदा केला. आपला मराठवाडा त्या वेळी त्याच राज्यात होता, हे विसरू नका. त्या कायद्यात पुन्हा तीच नोंदवही, तोच 'वाजवी संशय', बाईच्या कपड्यांत दिसल्यास वॉरंटशिवाय अटक, तीच दोन वर्षं. इंग्रजांनी स्वतःच्या मुलखात टाकून दिलेला कपडा निजामाने उचलून अंगावर घातला.

मग स्वातंत्र्य आलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५९ साली आपल्या मुंबई राज्याने भीक मागण्याला बंदी करणारा कायदा केला. वरवर पाहता त्यात हिजड्यांचं नावही नाही. पण 'भीक' कशाला म्हणायचं ते वाचा: सार्वजनिक जागी गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणं, अशा कोणत्याही निमित्ताने पैसे मागणं किंवा घेणं. पहिल्या वेळी दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची तरतूद. बाळाच्या जन्माला, लग्नाला टाळी वाजवून आशीर्वाद देणारी, रेल्वेत मागणारी, परडी घेऊन जोगवा मागणारी माणसं, या सगळ्यांना ही व्याख्या पुरेपूर लागू पडते. मराठेशाहीत जो हक्क होता, तो इथे गुन्हा झाला. आणि मुंबईचा हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू केला गेला.

अजून एक. २०११ साली कर्नाटकाने आपल्या पोलीस कायद्यात ३६ अ हे कलम घातलं. पोलीस आयुक्ताने 'युनक' लोकांच्या नावांची व पत्त्यांची नोंदवही ठेवावी, कुणाची? तर मुलं पळवणं, खच्ची करणं, अनैसर्गिक गुन्हे यांचा ज्यांच्यावर वाजवी संशय आहे त्यांची. १८७१ ची वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी. मसुदा करणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असं आम्ही म्हणत नाही. बहुधा जुना नमुना समोर ठेवून नक्कल झाली असेल. पण नकलेनेही माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

आता विरोधाकडे वळू. आधी न्यायालयाची वाट.

२०१२ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे 'नाल्सा'ने, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुढे आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही त्यात स्वतःची बाजू घेऊन उभ्या राहिल्या. १५ एप्रिल २०१४ रोजी न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी निकाल दिला. स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा. शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. शिक्षणात आणि नोकरीत मागास वर्ग म्हणून आरक्षण द्यावं. त्यात एक मुद्दा आम्हाला विशेष वाटतो. माणूस काय नेसतो, कसा वागतो, हा घटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. १८७१ मध्ये ज्या साडीसाठी दोन वर्षं कैद होती, तीच साडी २०१४ मध्ये मूलभूत हक्काच्या कक्षेत आली.

पण एवढ्याने जुनी पुस्तकं आपोआप कोरी होत नाहीत. कर्नाटकात तिथल्या कार्यकर्त्यांनी ३६ अ विरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा सरकारने कलमातला 'युनक' शब्द काढून 'व्यक्ती' असा शब्द घातला. हा निम्मा विजय. समाजाचं नाव निघालं, हे मोठं झालं. पण वही ठेवण्याचा अधिकार गेला नाही. विरोध करणाऱ्यांनी इथे सावध राहावं. समोरचा एक शब्द मागे घेतो, आपण पेढे वाटतो आणि कलम जागच्या जागी असतं.

तेलंगणात पुरा विजय झाला. हैदराबादचा तो १३२९ फसलीचा कायदा राज्यांच्या पुनर्रचनेनंतरही तिथल्या पुस्तकात पडून होता. २०१८ साली वैजयंती वसंता मोगली आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं. तृतीयपंथी माणसांनी स्वतः दिलेलं आव्हान, हे महत्त्वाचं. त्याच वर्षी स्थगिती मिळाली आणि जुलै २०२३ मध्ये मुख्य न्यायाधीश उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने तो कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला. समता आणि सन्मानाने जगण्याचा हक्क या दोन्ही कसोट्यांवर तो टिकला नाही. न्यायालय तिथेच थांबलं नाही. आरक्षण आणि निवृत्तिवेतन योजनेचा लाभ यांबद्दलही सरकारला आदेश दिले. 'हा कायदा कुणी वापरत नाही, मग कशाला उकरता?' असा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. याचं उत्तर असं की, गंजलेली तलवारही ज्याच्या हातात असते त्याला धाक घालता येतो. हवालदाराला खटला चालवायचा नसतो, दमदाटी करायची असते.

मुंबईच्या भीकबंदीचंही थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, दिल्लीपुरती, त्या कायद्याची भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. आपण मात्र या कायद्याचं माहेर. दिल्लीने नाकारलेल्या त्या तरतुदींबद्दल आपल्याकडे किती चर्चा झाली, हे तुम्हीच आठवून पाहा.

दुसरी वाट संसदेची. इथला इतिहास अधिक बोधप्रद आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

'नाल्सा' निकालानंतर वर्षभराने, २४ एप्रिल २०१५ रोजी, तमिळनाडूचे खासदार तिरुची शिवा यांचं अशासकीय विधेयक राज्यसभेने मंजूर केलं. तीन दशकांहून अधिक काळात एखादं अशासकीय विधेयक राज्यसभेने मंजूर केल्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर सरकारने आपलं वेगळं विधेयक २०१६ मध्ये लोकसभेत आणलं. त्यात व्याख्या होती: जी व्यक्ती पूर्ण स्त्री नाही आणि पूर्ण पुरुष नाही, अशा धर्तीची. मघाचं लक्षण आठवा. जी व्यक्ती म्हणते 'मी पूर्णपणे स्त्री आहे, जन्मनोंदीत चूक आहे', ती या व्याख्येत कुठे बसणार? अव्याप्ती! शिवाय ओळख ठरवायला जिल्हा छाननी समिती, तिच्यात वैद्यकीय अधिकारी आणि मानसतज्ज्ञ. तृतीयपंथी माणसाला भीक मागायला लावणं किंवा त्याकडे वळवणं हा गुन्हा. वाचायला बरं वाटतं, पण समाजाने लगेच ओळखलं की, चेल्याला बरोबर घेऊन जाणारी गुरू उद्या आरोपी होईल.

मग काय झालं? लोक रस्त्यावर आले, हे खरं. पण त्याबरोबर त्यांनी कागद लिहिले. संसदेच्या स्थायी समितीपुढे निवेदनं दिली, साक्षी दिल्या, कलमागणिक हरकती लिहिल्या. समितीचा अहवाल २०१७ मध्ये आला आणि त्याने विधेयकावर बरीच टीका केली. डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं तेव्हा ती 'पूर्ण नाही' वाली व्याख्या गेलेली होती. छाननी समिती आणि भिकेचं कलम राहिलं. विरोध चालू राहिला. राज्यसभेत ते विधेयक पुढे गेलं नाही आणि लोकसभेची मुदत संपल्यावर रद्द झालं. २०१९ मध्ये नवं विधेयक आलं, त्यात छाननी समिती नव्हती आणि भिकेचा उल्लेखही नव्हता. तीन वर्षांत तीन मोठी कलमं निघाली. 'विरोध करून काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे तीन मसुदे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

सगळं निघालं का? नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र राहिलं. स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला राहिला. 'नाल्सा'ने नेमकी हीच अट नाकारली होती. आणि लैंगिक अत्याचाराला शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं! स्त्रीवरच्या बलात्काराला त्याच वेळी दंडसंहितेत किमान दहा वर्षं होती. आरक्षणाचा शब्द नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यसभेत हे विधेयक प्रवर समितीकडे पाठवा, असा ठराव मांडला गेला, तो पडला. २६ नोव्हेंबरला विधेयक मंजूर झालं. संविधान दिनाच्या दिवशी. डिसेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि १० जानेवारी २०२० पासून कायदा लागू झाला.

बहुतेक चळवळी इथे थकतात. कायदा झाला, आता काय! पण या लोकांनी एक शहाणपण दाखवलं. कायद्याच्या खाली नियम असतात, आणि नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध करावा लागतो. २०२० चा तो टाळेबंदीचा काळ. मसुदा आला आणि घरी अडकलेल्या माणसांनी हरकती पाठवल्या. सप्टेंबर २०२० च्या अंतिम नियमांत असं आलं की, पहिलं ओळख प्रमाणपत्र अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावर द्यावं, कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता. विचार करा: १८७१ मध्ये व्याख्येतच वैद्यकीय तपासणी होती. ती २०२० मध्ये, निदान या एका दाखल्यापुरती, एका नियमाने बाहेर काढली.

आता आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट. जळगाव जिल्ह्यातलं भादली गाव. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. लिंगाच्या रकान्यात काय लिहिलं आहे यावरून निवडणूक अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्यायालयाने 'नाल्सा'चा निकाल आणि २०१९ च्या कायद्यातलं स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क देणारं कलम, असे दोन्ही आधार घेऊन त्यांना उभं राहू दिलं. त्या निवडूनही आल्या. ज्या कायद्यावर एवढी टीका झाली, त्यातलंच एक वाक्य त्यांच्या कामी आलं. वाईट कायद्याशी लढतानाही त्यातलं चांगलं कलम वापरावं. ते वापरलं तरच उद्या कुणी काढायला निघालं तर त्याची किंमत लोकांना कळते. कायदे बदलतात, पुढेही बदलतील, कधी उलट्या दिशेनेही. म्हणून तर ही रीत लक्षात ठेवायची.

तेव्हा या इतिहासातून आपण काय उचलायचं?

पहिलं, बातमी वाचून मत बनवू नका; मसुदा वाचा. त्यात चार जागा शोधा: व्याख्या, नोंद कोण करणार, शिक्षा कुणाला, आणि नियम करण्याचा अधिकार कुणाकडे. बाकीचा मजकूर नंतर वाचला तरी चालतो. दुसरं, वेळ गाठा. स्थायी समिती सूचना मागवते, नियमांचा मसुदा हरकतींसाठी राजपत्रात येतो. तेव्हा गप्प बसून नंतर हळहळण्यात अर्थ नाही. हरकत मराठीत लिहा, दोन पानांत लिहा, कलमाचा क्रमांक घालून लिहा. तिसरं, ज्याचं दुखतं त्याला पुढे असू द्या. तेलंगणात तेच झालं, भादलीला तेच झालं. आमच्यासारख्यांनी मागे उभं राहून टंकलेखन करावं, संदर्भ शोधावेत, वकिलाच्या फीला हातभार लावावा. चौथं, आपल्या राज्याच्या जुन्या कायद्यांची पुस्तकं उघडा. भीकबंदीचा कायदा आपला आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

मागे याच विषयावर बोलत असताना एका गृहस्थांनी विचारलं होतं, "सर, २०११ च्या जनगणनेत 'इतर' रकान्यात ४,८७,८०३ माणसं आहेत. सव्वाशे कोटींच्या देशात एवढ्यांसाठी एवढा खटाटोप?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. १८७१ चा कायदा आठवा. एकाच कायद्याचे दोन भाग, एकाच पद्धतीची नोंदवही. एका भागात जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, दुसऱ्या भागात पोशाखावरून गुन्हेगार ठरवलेली माणसं. जे सरकार संशयावरून एक वही ठेवायला शिकलं, ते दुसरी ठेवायला वेगळं शिकत नाही. म्हणून इथे किती जणांचा प्रश्न आहे हे मोजणं गैरलागू आहे. आपण कोण आहोत हे सांगण्याचा पहिला अधिकार आपला की वही धरणाऱ्याचा, हा प्रश्न आहे, आणि तो सगळ्यांचा आहे.

आणि आम्हाला तो उशिरा कळला. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते वयाने आणि व्यासपीठाच्या सवयीने. त्या विद्यार्थ्याला तो शब्द आडोशासाठी लागत होता, आणि आम्ही हसून तो आडोसा काढून घेतला. कार्यालयाने दाखला मागितला तेव्हा 'कुठल्या नियमाखाली मागता?' एवढं एक वाक्य विचारणं आमच्या हातात होतं. कोणी तसं विचारलं असतं तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. पण विचारायला हवं होतं.

पुढच्या व्याख्यानात १९५९ चा भीकबंदी कायदा कलमवार वाचू. मजकूर सहज मिळतो. ज्यांना जमेल त्यांनी दुसरं कलम आधी वाचून या. व्याख्या तिथेच आहे.